अस्त्राखानच्या वाटेवरचा बर्फ आपल्या नकाशावर कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत उत्तर-दक्षिण कॉरिडॉरवर, म्हणजे मुंबईहून इराणमार्गे रशियाला जाणाऱ्या व्यापारी मार्गावर मोठा लेख आला होता, तो मी अगदी बारकाईने वाचला. लेख चांगलाच होता. २००० सालच्या सप्टेंबरमध्ये सेंट पीटर्सबर्गला भारत, इराण आणि रशियाने केलेल्या करारापासून ते २०२२ च्या जूनमध्ये लाकडी लॅमिनेट शीटचे दोन कंटेनर सेंट पीटर्सबर्गहून, कॅस्पियनवरच्या अस्त्राखान या रशियन बंदरामार्गे, न्हावा शेव्यासाठी निघाले तिथपर्यंत सगळं नीट दिलं होतं. पण सोबत जो नकाशा छापलाय त्यात एक लाल रेघ बंदर अब्बासपासून वर जाते, इराण ओलांडते, अंझली बंदरातून कॅस्पियन समुद्रात शिरते आणि सरळ अस्त्राखानला जाऊन टेकते, आणि या रेघेचा शेवटचा तुकडा ज्या पाण्यावरून जातो ते पाणी दर हिवाळ्यात गोठतं याचा अख्ख्या लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही. नुसतं गोठतं एवढंच असतं तरी मी पत्र लिहायला बसले नसते. तिथला बर्फ सपाट राहत नाही, तो एकावर एक चढून त्याचे ढिगारे होतात, ते उथळ पाण्यात तळाला टेकून बसतात, आणि ते नेमके कुठे बसलेत हे आज आकाशातून बघता येतं, तेही फुकट. तरी आपल्याकडे त्यावर कोणी बोलत नाही म्हणून हा पत्रप्रपंच.

मी पुण्यात एका कॉलेजात रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहावरून पृथ्वी कशी बघायची ते शिकवते. हिवाळ्याच्या सत्रात मुलांना रडारची चित्रं वाचायला शिकवायची असतात, त्यासाठी मी मुद्दाम उत्तर कॅस्पियन घेते कारण तिथे शिकण्यासारखं खूप आहे आणि डेटा सगळा उघडा आहे, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे.

आधी तो समुद्र कसा आहे ते सांगते. कॅस्पियनची दक्षिण बाजू खोल आहे, हजार मीटरपर्यंत. पण व्होल्गा आणि उरल नद्या जिथे येऊन मिळतात तो उत्तरेचा सगळा भाग सरासरी पाच मीटरच्या आसपास, आणि कित्येक ठिकाणी तीन मीटरसुद्धा नाही. व्होल्गाचं गोडं पाणी सतत येत असल्यामुळे तिथे खारटपणाही कमी, म्हणजे गोठायला अजून सोपं. बर्फाळ समुद्र म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उत्तर ध्रुव येतो, पण हा भाग साधारण ४५ ते ४७ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे फ्रान्स आणि उत्तर इटलीच्या पट्ट्यात. तरीही मध्य आशियाच्या थंडीमुळे नोव्हेंबरच्या मध्याला ईशान्य कोपऱ्यात बर्फ धरायला लागतो, जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात जास्त पसरतो आणि मार्च संपता संपता जातो. सपाट बर्फाची जाडी फार नसते, साधारण अर्धा मीटर, कडक हिवाळा असला तर त्याहून जास्त. जहाज चालवणाऱ्याला अर्धा मीटर बर्फाचं फार काही वाटत नाही, आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडत जाणारं जहाज, तो सहज फोडतो. खरी अडचण वाऱ्यामुळे होते.

तिथे वारा जोरात आणि दिवसेंदिवस एकाच दिशेने वाहतो. वारा सुटला की बर्फाचे पत्रे सरकतात, एकमेकांवर आदळतात, आधी एक पत्रा दुसऱ्यावर घसरून चढतो आणि दाब वाढत गेला की ते मोडून त्यांच्या लाद्यांची रास लागते, तिलाच प्रेशर रिज म्हणतात. खोल समुद्रात अशी रास तरंगत राहते, वर जेवढी दिसते त्याच्या साधारण चारपाच पट पाण्याखाली. पण पाणीच तीन-चार मीटर असेल तर खालचा भाग तळाला टेकतो आणि रास तिथेच अडकते. मग मागून येणारा बर्फ तिच्यावर येऊन मोडत राहतो, लाद्या वर वर चढत जातात आणि चार मीटर पाण्यात उभा असलेला ढिगारा पाण्याच्या वर दहा मीटरपर्यंतसुद्धा जाऊ शकतो. तळाला टेकलेल्या अशा ढिगाऱ्याला स्टामुखा म्हणतात, शब्द रशियन आहे पण आता जगभरचे बर्फाचे अभ्यासक तोच वापरतात.

आणि टेकला म्हणजे तो कायमचा टेकला असंही नाही हो. उथळ समुद्रात वाऱ्याने पाणी एका बाजूला ढकललं जातं, पातळी मीटरभर वर येते, वारा पडला किंवा फिरला की खाली जाते. पाणी चढलं की टेकलेला ढिगारा थोडा सुटतो, आजूबाजूचा बर्फ त्याला ढकलतो आणि तो तळ खरवडत पुढे जातो. ह्याचा पुरावा ज्याला बघायचाय त्याने नासाने प्रसिद्ध केलेलं लँडसॅट-८ उपग्रहाचं १६ एप्रिल २०१६ चं चित्र बघावं. उत्तर कॅस्पियनमधल्या त्युलेनी बेटांच्या आसपासचं आहे. बर्फ वितळून गेलाय, पाणी नितळ हिरवट आहे आणि सगळा तळ नांगरून टाकल्यासारखा दिसतो, लांबच लांब ओरखडे, काही सरळ, काही एकदम कोनात वळलेले, एकमेकांना छेदून गेलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं ट्रॉलरच्या जाळ्यांनी ओढलं असेल, पण त्याच हिवाळ्यातलं जानेवारीचं चित्र शेजारी ठेवलं की बर्फाचे तुकडे आणि त्यांच्या मागची रेघ असं दोन्ही दिसतं. पाणी तिथे तीनेक मीटर. म्हणजे हिवाळाभर बर्फ तो तळ खरडत होता.

आता हे कोणाला नडतं ते बघा. पहिलं म्हणजे जहाजांना. अस्त्राखान आणि ओल्या या बंदरांना जायला व्होल्गा-कॅस्पियन कालवा हा एकच खोदलेला मार्ग आहे, त्याचा गाळ सतत उपसत राहावा लागतो, आणि हिवाळ्यात जहाजं आइसब्रेकरच्या मागे ताफ्याने चालतात. कालव्याच्या तोंडाशी सपाट बर्फ असेल तर ताफा हळूहळू का होईना जातो, रिज आडवी आली की तासन् तास तिथेच. माझा मावसभाऊ फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये आहे, तो सांगतो की जानेवारीच्या मालासाठी कोटेशन मागितलं तर ट्रान्झिट टाइमपुढे वेदर परमिटिंग एवढे दोन शब्द लिहून येतात, वेदर म्हणजे नक्की काय, वारा की बर्फ, किती दिवस, ते कोणी सांगत नाही, आणि इकडे पार्टी रोज फोन करून विचारते माल कुठे आहे. ज्याचा माल अडकतो त्याला डिमरेज, म्हणजे उशिराचा दंड, भरावं लागतं. सगळ्या फाट्यांना ही अडचण नाही हेही खरं, कझाकस्तान-तुर्कमेनिस्तानमधून जाणारी पूर्वेची रेल्वे समुद्राला टाळते, आणि दक्षिणेची इराणी बंदरं गोठत नाहीत. पण तुमच्या नकाशातली लाल रेघ समुद्रावरूनच गेली आहे, म्हणून म्हणते.

दुसरं तेल. उत्तर कॅस्पियनमध्ये कझाकस्तानच्या हद्दीतलं काशागान हे तेलक्षेत्र २००० साली सापडलं, मधल्या कित्येक दशकांतला जगातला सगळ्यात मोठा शोध म्हणून गाजलं, आणि ते आहे तीन-चार मीटर पाण्यात. तिथे नेहमीसारखा प्लॅटफॉर्म उभा करून भागत नाही, म्हणून दगडांची कृत्रिम बेटं बांधली, त्यांच्याभोवती बर्फ अडवायला बांध घातले, आणि पाइपलाइन तळाखाली पुरल्या. कारण उघड आहे, स्टामुख्याचा पाय सरकत आला तर उघड्या पाइपचं काय होईल. (२०१३ मध्ये उत्पादन सुरू झाल्या झाल्या पाइप गळले ते बर्फामुळे नव्हे बरं का, तेलाबरोबर येणाऱ्या गंधकयुक्त विषारी वायूने पोलादाला तडे गेले आणि दोन्ही लाइन बदलाव्या लागल्या, उत्पादन परत सुरू व्हायला २०१६ चा शेवट उजाडला.) आणि हे काही आपल्यापासून लांबचं नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या ओएनजीसी विदेशने कोनोकोफिलिप्सचा या क्षेत्रातला ८.४ टक्के हिस्सा पाच अब्ज डॉलरच्या आसपास घ्यायचं ठरवलं होतं, कझाकस्तानने पुढच्या वर्षी आपला अग्रहक्क वापरला आणि तो हिस्सा चिनी कंपनीकडे गेला. तेव्हा आपल्या मराठी पेपरांत किमतीवर आणि चीनवर भरपूर लिहून आलं, पण चार मीटर पाण्यातल्या बर्फाबद्दल वाचल्याचं मला आठवत नाही. एवढे पैसे आपण जिथे घालणार होतो तिथली सगळ्यात मोठी नैसर्गिक अडचण कोणती हे वाचकाला कळायला हवं होतं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कॅस्पियन सील. जगात दुसरीकडे कुठेही नसलेला हा सील उत्तर कॅस्पियनच्या बर्फावरच पिल्लं घालतो. जानेवारीच्या शेवटाला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पिल्लं जन्मतात, अंगावर पांढरी लोकर असते आणि ती लोकर झडेपर्यंत त्यांनी कोरड्या बर्फावर राहणंच बरं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे प्राणी दहा लाखांच्या आसपास होते असं मानतात, शिकारीने आणि नंतर इतर कारणांनी संख्या इतकी घसरली की २००८ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्यांना संकटग्रस्त यादीत टाकलं. आता नेमक्या त्याच महिन्यांत काशागानला रसद नेणारे आइसब्रेकर त्याच बर्फातून जातात. विमानातून पाहणी करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हे सगळं नोंदवून ठेवलंय, जहाज जवळ आलं की आई आणि पिल्लू वेगळे होतात, पिल्लं फोडलेल्या पाण्यात पडतात. आइसब्रेकरच्या कप्तानाला रिज चुकवायच्या असतात म्हणून तो सोपा रस्ता शोधतो आणि त्या सोप्या रस्त्यावर सीलची वस्ती असू शकते. रिज कुठे आहेत, मोकळ्या भेगा कुठे आहेत आणि पिल्लं कुठे आहेत हे तिन्ही एकाच नकाशावर आदल्या दिवशी मिळालं तर जहाजाचा रस्ता दहा-पंधरा किलोमीटर बाजूने नेता येतो. हे करायला नवीन शोध लावायची गरज नाही, आहे ती माहिती एकत्र करायची आहे.

मग हा नकाशा करायचा कसा? इथे मी थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे उपग्रह म्हटलं की लोकांना वाटतं वरून फोटो काढला की झालं. साध्या फोटोत पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार, आणि हिवाळ्यात अर्धा वेळ ढग. म्हणून रडार. युरोपच्या सेंटिनल-१ मालिकेतला पहिला उपग्रह २०१४ च्या एप्रिलमध्ये गेला. तो स्वतःच रेडिओलहरी खाली सोडतो आणि परत आलेल्या मोजतो, त्यामुळे ढग असोत की रात्र, चित्र मिळतंच. सपाट बर्फावर पडलेली लहर आरशासारखी पलीकडे निघून जाते म्हणून तो भाग काळपट येतो, आणि उभ्याआडव्या लाद्यांच्या ढिगाऱ्यावरून ती सगळीकडे उधळते, त्यातली बरीच परत येते म्हणून रिज उजळ दिसते. अडचण अशी की वाऱ्याने खवळलेलं मोकळं पाणीही उजळ दिसतं. ते वेगळं काढायला एका दिशेत कंप पावणारी लहर सोडायची आणि परत आलेल्यातली त्याच्या आडव्या दिशेत कंप पावणारी तेवढी मोजायची, खवळलेलं पाणी त्या चित्रात बऱ्यापैकी मंद पडतं, ढिगारे मात्र दिसत राहतात.

वर्गात आम्ही काय करतो ते सांगते. जानेवारीच्या शेवटाचं एक चित्र स्क्रीनवर लावायचं. करड्या रंगाच्या पसाऱ्यात पांढरे ठिपके दिसतात. मुलांना वाटतं हे सगळे स्टामुखे. मग शेजारी ऑगस्टचं चित्र लावायचं, त्यातही जे ठिपके आहेत ती काशागानची बेटं, ती बाजूला काढली. मग काही दिवसांनंतरचं चित्र, त्यात जे गेले ती जहाजं किंवा तरंगत्या रिज. आणि जे ठिपके जानेवारीत आहेत, फेब्रुवारीत त्याच जागी आहेत, मार्चमध्येही आहेत आणि एप्रिलमध्ये गायब, ते तळाला टेकलेले ढिगारे. इथपर्यंत सोपं आहे. पण गेल्या बॅचमधल्या एका मुलीने एक गोष्ट दाखवली. तिच्या चित्रात एका ठिपक्याच्या मागे काळी शेपटी होती, लांबलचक, एकाच बाजूला. आजूबाजूचा बर्फ वाऱ्याने सरकत होता, ढिगारा जागचा हलत नव्हता, त्यामुळे त्याच्या आडोशाला मोकळ्या पाण्याची किंवा नुकत्या धरलेल्या पातळ बर्फाची पट्टी तयार झाली होती. पुढच्या चित्रात वारा फिरला होता आणि शेपटी बरोब्बर उलट्या बाजूला गेली होती. ठिपका तिथेच. ढिगारा तळाला टेकलाय याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा काय पाहिजे! तिने मग शेपट्या शोधूनच ढिगारे हुडकायला सुरुवात केली आणि जे ठिपके लहान असल्यामुळे नुसत्या उजेडावरून निसटत होते त्यातले कित्येक तिला शेपटीवरून सापडले. पन्नास मीटरचा ढिगारा चित्रात एखाद-दोन पिक्सेलचा, पण त्याची शेपटी किलोमीटरभर असते. ही मुलगी संगमनेरजवळच्या गावातली, बर्फ तिने फ्रीजमध्येच पाहिलेला. योग्य डेटा हातात दिला की आपली मुलं कुठपर्यंत पोचतात ते यावरून कळेल.

जागा कळली तरी उंची कळत नाही, आणि पाइपलाइनवाल्याला उंचीच हवी असते. त्यासाठी नासाचा आइससॅट-२ आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासून फिरतोय. तो हिरव्या लेसरचे सेकंदाला दहा हजार ठोके खाली मारतो, म्हणजे त्याच्या वाटेवर दर ७० सेंटिमीटरला एक, आणि परत आलेले प्रकाशकण एकेक मोजून पृष्ठभागाची उंची काढतो. सपाट बर्फाची रेघ चालली असते आणि मधेच एकदम टोक वर येतं, ती रिज. उंची काही सेंटिमीटरपासून दहा-वीस सेंटिमीटरच्या चुकीत मिळते. पण तो सगळा समुद्र बघत नाही, सहा किरणांच्या सहा रेषा बघतो आणि पुढच्या वाटेपर्यंत कित्येक किलोमीटर कोरे, वर ढग असले की तेवढंही नाही, आणि त्याच वाटेवर परत यायला ९१ दिवस, तोवर हिवाळा संपला. म्हणून लेसरने जिथे उंची मिळाली तिथे रडारमध्ये तो ढिगारा कसा दिसतो ते बघायचं आणि मग बाकीच्या ढिगाऱ्यांचा अंदाज बांधायचा.

एक जुनी आणि बिनखर्चाची पद्धत सावलीची आहे, मला ती फार आवडते. उत्तर कॅस्पियनमध्ये ध्रुवासारखी लांब रात्र नसते पण जानेवारीत सूर्य खालीच असतो, उपग्रह जायच्या वेळेला क्षितिजापासून २० अंशांच्या आसपास. साडेपाच मीटरच्या ढिगाऱ्याची सावली तेव्हा पंधरा मीटर पडते. नववीच्या त्रिकोणमितीने उंची निघते. साधे फोटो काढणाऱ्या युरोपच्याच सेंटिनल-२ चा पिक्सेल दहा मीटरचा, त्यामुळे दीड पिक्सेलच्या सावलीवर विश्वास ठेवता येत नाही, त्याला अर्ध्या मीटरची व्यापारी चित्रं लागतात आणि ती महाग. पण मोठ्या स्टामुख्याच्या बाबतीत, सूर्य अजून खाली असेल तर, दहा मीटरच्या चित्रातही काहीतरी हाती लागतं.

हे सगळं करूनही उणिवा राहतात आणि त्या लपवून उपयोग नाही. रिज काही मीटर रुंद असते, सेंटिनलचं रुंद पट्ट्याचं चित्र तेवढं बारीक बघत नाही. मार्चमध्ये बर्फावरचं हिम ओलं झालं की रडारला खालचं काही दिसत नाही. पाण्याखाली ढिगारा किती खोल गेलाय हे तर कुठलाच उपग्रह सांगत नाही, ते बोटीवरच्या सोनारने, म्हणजे आवाजाच्या लहरींनीच मोजावं लागतं, पण तळाला टेकलेल्या ढिगाऱ्याची खोली म्हणजे तिथलीच पाण्याची खोली, उथळ समुद्राचा हा एक फायदा आहे. फक्त ती खोलीसुद्धा आता बदलतेय. कॅस्पियनची पातळी १९७७ साली जागतिक समुद्रपातळीच्या खाली उणे २९ मीटरवर गेली होती, मग १९९५ पर्यंत अडीच मीटरच्या आसपास वर आली, तेव्हापासून परत उतरतेय आणि आता उणे २९ च्याही खाली आहे. किनाऱ्याचा उतार इतका कमी आहे की पाणी मीटरभर उतरलं तर किनारा कित्येक किलोमीटर मागे सरतो. जुन्या नकाशात जिथे ढिगारे टेकत होते तिथे आता कोरडी जमीन असेल आणि पूर्वी जिथे बर्फ तरंगत जात होता तिथे आता टेकेल. म्हणून एकदा नकाशा केला आणि ठेवून दिला असं चालणार नाही, दर हिवाळ्याचा वेगळा लागेल. रशियन आणि कझाक हवामान संस्था बर्फाचे नकाशे काढतात, पण अशा नकाशात बर्फ किती टक्के आणि किती जुना असे मोठे मोठे पट्टे असतात, एकेक ढिगारा त्यात नसतो.

आता आपल्या मुद्द्यावर येते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा नासा आणि इस्रोचा रडार उपग्रह गेला, तुम्ही पहिल्या पानावर छापलात. त्यात दोन रडार आहेत, नासाचं एल-बँड आणि अहमदाबादच्या आपल्या इस्रोच्या केंद्राने केलेलं एस-बँड (एल आणि एस ही वेगवेगळ्या लांबीच्या लहरींची नावं, एलची लहर जास्त लांब). बारा मीटरचा जाळीचा अँटेना, २४० किलोमीटरचा पट्टा, बारा दिवसांनी परत त्याच जागेवर. सेंटिनलची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची, निसारची एल-बँड लहर २४ सेंटिमीटरची. लांब लहरीला बर्फावरचं बारीकसारीक खडबडीतपण आणि कोरडं हिम फारसं जाणवत नाही, मोठ्या लाद्यांचे ढिगारे मात्र उठून दिसतात, जपानच्या आधीच्या एल-बँड उपग्रहांवरून हे अभ्यासकांना माहीत झालंय. म्हणजे रिज शोधायला आजवरच्या उघड्या डेटात याच्याइतकं चांगलं साधन नाही. आणि त्याचा डेटा सगळ्यांना मोफत. निसार डावीकडे बघत जातो म्हणून उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळचा भाग त्याला दिसत नाही, पण ४६ अंशांना ती अडचण नाही. तुमच्या बातमीत मात्र शेती, भूकंप आणि हिमनद्या एवढंच होतं. हिमनद्या आल्या, समुद्राचा बर्फ राहिला.

इस्रोच्या एस-बँडचा मुख्य भर भारतावर आणि निवडक ठिकाणांवर आहे, ते बरोबरच आहे, आपला पैसा आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या निवडक ठिकाणांत डिसेंबर ते मार्च उत्तर कॅस्पियन घ्यावा. आपण त्या मार्गाचे भागीदार आहोत, आपले कंटेनर तिथून जाणार आहेत, तर तिथल्या बर्फाचं चित्र दुसऱ्याने द्यायची वाट का बघायची? एल आणि एस अशा दोन लहरी एकाच वेळी एकाच ढिगाऱ्यावर पडल्या तर काय दिसतं हेही शास्त्र म्हणून नवीनच आहे. आणि बर्फ बघायची आपल्याला काही सवय नाही असं तर अजिबात नाही. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय संस्था आहे, त्यांची माणसं दरवर्षी अंटार्क्टिकाला जातात, भारती तळावर सामान उतरवायला जहाजाला किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फातून वाट काढावी लागते, उत्तरेला आर्क्टिकमध्ये आपलं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. फिनलंडच्या आइसआय कंपनीने मुळात समुद्रातला बर्फ बघायला म्हणून छोटे रडार उपग्रह करायला घेतले, त्यांचा पहिला उपग्रह १२ जानेवारी २०१८ ला आपल्याच पीएसएलव्हीने वर नेला. दुसऱ्याचं यंत्र आपण नेऊन दिलं, आता आपलं स्वतःचं वर फिरतंय.

आणि नकाशा झाला तर तो तिजोरीत ठेवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तेल कंपन्यांकडे बर्फाची माहिती भरपूर असते, त्यांनी त्यासाठी पैसे मोजलेले असतात, आणि ती बाहेर येत नाही. सीलवर काम करणाऱ्यांना, अस्त्राखानच्या मच्छीमारांना, छोट्या जहाजवाल्यांना ती मिळत नाही. उथळ पाण्यातले ते मच्छीमार बर्फावर जातात आणि बर्फाचा तुकडा सुटून वाहत गेला की अडकतात, अशा सुटकेच्या बातम्या तिकडे हिवाळ्यात येतच असतात. टेकलेला ढिगारा किनाऱ्याच्या बर्फाला धरून ठेवतो, अलास्काच्या किनाऱ्यावर तर असे ढिगारे वीसेक मीटर खोलीपर्यंतचा बर्फ खिळवून ठेवतात हे उपग्रहावरूनच सिद्ध झालंय. कुठला बर्फ अशा ढिगाऱ्यांनी खिळलेला आहे आणि कुठला नुसताच किनाऱ्याला चिकटून उभा आहे, हे कळणं त्या माणसांसाठी जीवनमरणाचं आहे. निसारच्या डेटावर भारतीय पैसा लागलाय म्हणून तो नकाशा उघडाच असावा, कोणीही डाउनलोड करावा.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. कॉरिडॉरवर पुढचा लेख कराल तेव्हा नकाशावर हिवाळ्यातल्या बर्फाची हद्द दाखवा, तुमच्या ग्राफिकवाल्यांना ती सहज मिळेल, नाही मिळाली तर आमची मुलं काढून देतील. आणि इस्रोच्या कोणा अधिकाऱ्याची मुलाखत घ्याल तेव्हा एस-बँडच्या हिवाळी वेळापत्रकात कॅस्पियन आहे का, नसेल तर घ्यायला काय लागेल, एवढा एक प्रश्न जरूर विचारा. मी स्वतः संबंधित ठिकाणी पत्र पाठवलंच आहे, पण पेपरातून विचारलं की उत्तर लवकर येतं.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेसाठी कात्री लावावी लागली तर सावलीचा आणि लेसरचा भाग काढा, सीलचा आणि मच्छीमारांचा ठेवा. शेपटीवाल्या ढिगाऱ्याची दोन्ही चित्रं, वारा फिरण्याआधीचं आणि नंतरचं, सोबत ईमेलने पाठवतेय. ती छापायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त खाली कोपर्निकस सेंटिनलचा डेटा असा उल्लेख करावा लागतो, आणि शेपट्या शोधणाऱ्या मुलीचं नाव तिला विचारून मग कळवते.

आपली,
एक वाचक, पुणे